नऊ कुणी वजा करत नाही

“चहा बी फुलपात्रात देऊन राहिलेत. जसं काय मीच दवाखान्यात भरती हाय.”

मिलची बटणं सांभाळणाऱ्या करीमचं हे पुटपुटणं कुणासाठी नव्हतं. पण सिंधु त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर, टेबलाखाली वाकलेली होती, म्हणून तिला ते ऐकू आलं. मोबाईलच्या उजेडात ती संगणकाची मागची बाजू बघत होती. डाळीची पिवळी भुकटी बोटभर साचली होती आणि त्या भुकटीत इंटरनेटची वायर वेटोळं करून पडली होती. वेटोळ्याला लाल रबर होतं. दोन वर्षांत ते वितळून वायरीला चिकटलं होतं. लावलेलं तिनंच होतं. तिनं वायर उचलली, जरा वेळ हातात धरली, परत होती तिथं ठेवली आणि गुडघ्यावर हात देत बाहेर आली.

“कप फुटले असतील, करीमभाई.”

“पाच दिवसांत समदेच फुटले?” करीम फुलपात्राकडं बघत म्हणाला. “जाऊ द्या.”

गुरुपादप्पा शेठ काचेपाशी पाठमोरे उभे होते. काचेखाली मिल होती आणि मिल बंद होती. लातूरच्या एमआयडीसीतल्या त्या रस्त्यावर आजूबाजूच्या साऱ्या डाळ मिलांची घरघर चालू असताना ही एकच गप्प, त्यामुळे कंट्रोल रूममध्ये पंख्याचा आवाजही मोठा वाटत होता.

“बारा वाजता तपासणीवाले साहेब यायलेत,” शेठ न वळता म्हणाले. “तवर घड्याळ बरोबर पायजे, ताई. अन् आत कुठं काई लिवलेलं दिसाय न्हाई पायजे.”

“एकदम मागं घेतलं तर दिसतंय. वेळ बदलली की मशीन स्वतःच नोंद करून ठेवतं.”

“मंग?”

“हळूहळू न्यावं लागंल. दीड तास लागतो.”

शेठनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पडद्यावर दहा एकोणतीस होते.

“बसतंय,” ते म्हणाले. “करा.”

सिंधु खुर्चीवर बसली आणि तिनं पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली. गांधी चौकाच्या मागच्या गल्लीत तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. कुठल्या कॉलेजात ती हे शिकली नव्हती. लोकांची बिघडलेली मशीनं उघडत, नांदेडहून आणलेली जुनी पुस्तकं डोळे दुखेपर्यंत वाचत, एक एक करत ती इथवर आली होती. त्या पुस्तकांतला तिचा सगळ्यात आवडता धडा कर्नलचा. आपल्याला दिसतात त्या सगळ्या प्रोग्रामच्या खाली संगणकाचा हा गाभा असतो आणि वेळ तो मोजतो. कशी, तर भिंतीवरच्या घड्याळासारखीच, टिकटिक करत. एका टिकटिकीला दहा हजार मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, झाला असं धर, एवढं त्याला सांगून ठेवलेलं असतं. त्याला नऊ हजारच धर म्हटलं तर तो बिचारा विचारत नाही का म्हणून. मुकाट्यानं नऊ हजार धरतो. मग घड्याळ उडी मारत नाही, नुसतं रेंगाळतं. दर दहा मिनिटांना एक मिनिट मागं पडतं आणि कुठल्याच नोंदीत त्याचा मागमूस राहत नाही.

नऊ मिनिटं मागं यायला नव्वद मिनिटं.

तिनं दहा हजार खोडून नऊ हजार लिहिले. बटण दाबायच्या आधी हातातल्या बांगड्या उगाचच वर सरकवल्या.

“येवढंच?” शेठ तिच्या खांद्यावरून बघत होते.

“एवढंच.”

पडद्याच्या कोपऱ्यातले सेकंद पहिल्यासारखेच पळताना दिसत होते. निदान दिसायला.

*

मिलमध्ये वेळ बांधून काम चालायचं. तूर वर चढवणाऱ्या बादल्यांच्या पट्ट्याखाली एक खड्डा होता. माल ओला असला की तो तिथं अडकायचा, आणि कुणीतरी आत उतरून हातानं काढायचा. उतरण्याआधी स्विचला लाल कुलूप घालायचं, किल्ली उतरणाऱ्यानं खिशात ठेवायची, असा नियम भिंतीवर चिकटवलेला होता. पण कुलूप ऑफिसात, किल्ली शेठच्या कपाटात, आणि शेठ दिवसातनं दहादा बाजारात. मग खालून आवाज द्यायचा, “सव्वाअकराला चालू कर!” वरून हात हलायचा. एवढ्यावर काम भागायचं. वर्षानुवर्षं भागलं होतं.

गेल्या गुरुवारी भागवत खाली उतरला. देवणीकडचा, तिशीच्या आतला, मिलमध्ये लागून चार महिने झालेला. त्यानं वेळ बांधली, सव्वाअकरा. करीम वर बसला. कंट्रोल रूममध्ये मोबाईल आणायला बंदी होती, म्हणून त्यानं पडद्यावरचं घड्याळ बघितलं आणि सव्वाअकराच्या ठोक्याला बटण दाबलं. भागवतकडं मोबाईल होता, पायजम्याच्या खिशात, नियमाबाहेर. त्यात अकरा सहा झाले होते. अजून नऊ मिनिटं आहेत म्हणून त्यानं पट्ट्याखाली परत हात घातला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. शेठनं स्वतःच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं, गादीवर रक्त सांडलं त्याचंही काही म्हटलं नाही, रात्री उशाशी बसले. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस असता तर सिंधुला सोपं गेलं असतं.

घड्याळ पुढं ठेवायचं तर काय, सगळेच ठेवतात. अर्धापूरला तिच्या माहेरी भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढं असायचं. केळीची गाडी पहाटे निघायची, ती चुकू नये म्हणून वडिलांनी पुढं केलेलं. घरातला प्रत्येक जण झोपेतसुद्धा वीस वजा करायचा आणि व्हायचा तेवढा उशीर व्हायचाच. म्हणून दोन वर्षांपूर्वी शेठ जेव्हा म्हणाले, “दहा मिनिटं पुढं ठिवा ताई, माणसं टायमावर येतील,” तेव्हा सिंधु हसली होती.

“दहा नको, शेठ. दहा असले की माणसं वजा करायला शिकतात. नऊ ठेवू. नऊ कुणी वजा करत नाही.”

शेठ खूश झाले होते. तीही. इंटरनेटवरून वेळ आपोआप दुरुस्त व्हायची, म्हणून तिनं ती सोय बंद केली, वायर काढली, गुंडाळली, वर रबर लावलं. भोंगा त्याच संगणकावर वाजायचा. जुन्या कामगारांना आठवड्याभरात कळलं की काहीतरी आहे. मिलचं घड्याळ सासूसारखं आहे, आपल्या आधी उठतं, असं म्हणून ते हसायचे. किती आधी, हे कुणी मोजलं नाही. नव्या भागवतला तर तेही कुणी सांगितलं नव्हतं.

आता साहेब येतील, घड्याळ बघतील. ते बरोबर निघेल. नोंदीत पट्टा सव्वाअकराला चालू झालेला दिसेल, जसा ठरला होता तसा. मग चूक एकाचीच राहते, जो सव्वाअकरानंतरही आत हात घालून बसला होता त्याची.

हे असं उघडून कुणी बोललं नव्हतं. शेठनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, “घड्याळ जरा बघून जावा.” सिंधुनं एवढंच म्हटलं होतं, “येते.”

*

दहा पन्नासला भागवत आला. पडद्यावर दहा छप्पन होते.

त्याला जबाबासाठी बोलावलं होतं. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, कोपरापर्यंत पांढरं बँडेज. दारातच चपला काढून तो आत आला. स्टूल असूनही भिंतीला टेकून उभा राहिला.

“बस की रे,” शेठ म्हणाले. “जेवलास का?”

“हाव, मालक.”

“दुखतंय?”

“ठणकतंय. दवाखान्यातल्या सिस्टरबाईनं सांगितलं, ठणकाय लागलं की आकडे मोज. साठ मोजले की एक मिनिट सरतंय म्हणं.” तो ओशाळून हसला. “पाच दिवस झाले, मोजूनच राहिलो.”

करीम खुर्चीतून उठला. काय करावं हे त्याला कळलं नाही. त्यानं आपलं फुलपात्र भागवतच्या पुढं धरलं.

“घे. गरम हाय अजून.”

भागवतनं सवयीनं उजवा खांदा हलवला, मग डावा हात पुढं केला. करीमनं ते बघितलं आणि लगेच मान काचेकडं वळवली.

“करीमभाई, तुमी काऊन जीव जाळता,” भागवत म्हणाला. “तुमी टायमावर चालू केलं. माजंच चुकलं.”

सिंधुनं ओढणीच्या टोकानं पडदा पुसला. तो स्वच्छ होता.

भागवत स्टुलावर टेकला आणि त्यानं मोबाईल काढून मांडीवर ठेवला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मध्येच तो पडद्याकडं बघायचा, परत मोजायला लागायचा. सिंधुला पाठीमागं ते कळत होतं. पंखा फिरत होता आणि तिला उगाच वाटत होतं की तोही जरा सावकाश फिरतोय.

“ताई,” बऱ्याच वेळानं भागवत म्हणाला, “हे घड्याळ दमलंय का?”

तिचे हात बटणांवर थांबले.

“का रे?”

“माजे साठ सरतेत, अन् ह्याचे चौपन्न, पंचावन्नच होतेत. दोनदा बघितलं. हे मागं राहून राहिलं.”

शेठ काचेपासून वळले. “औषधाची गुंगी असंल,” ते म्हणाले. आवाज मऊ होता, पण घाईचा. “तू जोरात मोजलास.”

“असंल, मालक.” भागवतनं मान हलवली. “गुंगी हायच.”

सिंधुनं करीमकडं बघितलं. करीमनं तिच्याकडं बघितलं नाही. तो भिंतीवरचा नियमांचा कागद वाचत होता, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा. त्याची मुलगी अलीझा या वर्षी बारावीला होती. सिंधुच्या दुकानात ती फॉर्म भरायला आली होती, तेव्हा बापाच्या धंद्याच्या रकान्यात तिनं मोठ्या अक्षरात ‘मशीन ऑपरेटर’ लिहिलं होतं. घड्याळ बरोबर निघालं तर ते तसंच राहणार होतं. सिंधुच्या दुकानाची पाटी तशीच राहणार होती. एमआयडीसीतल्या अकरा मिलांची कामं तिच्याकडं होती. मिलवर पेटणारी साठ घरांची चूल तशीच राहणार होती. कागदावर एक ओळ लागायची होती तेवढी, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. आणि ज्याच्या नावापुढं ती लागायची, तो तर स्वतःच हो म्हणत होता.

भागवतचं मोजणं थांबलं. तो मोबाईलकडं बघत होता.

“अकरा सहा,” तो म्हणाला. “ह्याच टायमाला.”

शेठ काचेपासून त्याच्याजवळ आले.

“मी बघितलं होतं ना, मालक. घाम पुसाय हात वर केला, तवा मोबाईल बघितला. अकरा सहा. म्हणलं लई टाईम हाय.”

“सव्वाअकरा रे,” शेठ म्हणाले. त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. तो हात खरोखर मायेचा होता, हेच वाईट होतं. “मशीनमधी सव्वाअकरा लिवलंय. मशीन कशाला खोटं बोलंल?”

भागवतनं मोबाईल पालथा घातला.

“हाव. सव्वाअकरा,” तो म्हणाला, धडा पाठ करणाऱ्या पोरासारखा. “मोबाईल जुनाच हाय माजा. मागं पडला असंल.”

सिंधुला तहान लागली होती. बाटली हाताशी होती. तिनं ती उचलली नाही.

*

साहेब बाराला यायचे, ते अकरा वीसलाच आले. उन्हाच्या आधी उरकावं म्हटलं, असं म्हणत त्यांनी रुमालानं मान पुसली. आदिनाथ नावाचे, पन्नाशीचे, कागदपत्रांची पिशवी काखेत धरलेले गृहस्थ होते. शेठनं पंखा वाढवला, सरबत मागवलं. जाता जाता सिंधुकडं एक नजर टाकली. तिनं तीन बोटं टेबलाच्या कडेला टेकवली. अजून तीन मिनिटं बाकी होती.

तीन बोटं. आपण काय दाखवलं हे लक्षात येताच तिनं मूठ मिटली.

“ह्या कोण?” साहेबांनी विचारलं.

“काँप्युटरवाल्या ताई,” शेठ म्हणाले. “मशीन बघाय बोलावल्या. तुमाला नोंदी दाखवतील.”

तिनं नोंदी दाखवल्या. साहेबांनी चष्मा लावून त्या दिवसाची ओळ वाचली, अकरा पंधरा, आणि लिहून घेतली.

“तुम्ही चालू केलं?” त्यांनी करीमला विचारलं.

“हाव, साहेब.”

“घड्याळ बघून?”

“घड्याळ बघूनच.”

“हेच?”

करीमनं पडद्याकडं बोट केलं. “हेच.”

साहेबांनी मनगट वर केलं, पडद्याकडं बघितलं, परत मनगटाकडं. सिंधुला वाटलं, आता. आता हे विचारतील आणि मला काहीच करावं लागणार नाही.

“दोन-तीन मिनिटं पुढं दिसतंय.”

“तेवढं तर समद्यांचंच असतंय, साहेब,” शेठ हसले.

“ते खरं,” साहेबही हसले. “आमच्या घरी पंधरा आहे. मिसेसनी ठेवलंय, माझ्यासाठी.”

त्या हसण्यानं खोली एकदम सैल पडली. करीमही हसला, किंवा हसल्यासारखं त्याचं तोंड झालं. साहेबांनी लिहिलं. पेनाचा आवाज येत होता. घड्याळ जवळपास अचूक आढळले. मग त्यांनी खुर्ची भागवतकडं वळवली.

“काय झालं, सांग. घाबरू नको.”

“माजं चुकलं, साहेब.” त्यानं वाट बघितलीच नव्हती. “सव्वाअकरा ठरलं होतं. माजा मोबाईल मागं होता. मला भान राह्यलं न्हाई. ह्यात करीमभाईचं काई न्हाई, मालकाचं काई न्हाई. मालकानं लई केलं.”

“मोबाईल मागं होता म्हणतोस?”

“असंल, साहेब. तसंच असंल. न्हाईतर कसं काय.”

साहेबांनी ते त्याच्याच शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं. भागवत प्रत्येक वाक्याला मान हलवत गेला. शेवटी साहेबांनी कागद पुढं सरकवला, पेन त्यावर ठेवलं. मग झोळीतल्या हाताकडं बघून ते उचलून घेतलं आणि पिशवीतून शाईची डबी काढली.

“अंगठा दे. डावा.”

“सही येते मला, साहेब,” भागवत हळू म्हणाला. “बारावी झालोय. सही चांगली यायची.”

“राहू दे आता. अंगठा चालतो.”

भागवतनं डावा अंगठा शाईत टेकवला. शाई निळी होती. त्यानं तो वर उचलला आणि कागदावर कुठं, हे विचारल्यासारखं साहेबांकडं बघितलं. त्याचे ओठ परत हलायला लागले होते. ठणकत असावं. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद सरत होते, त्याच्या आकड्यांच्या मागं मागं राहत.

सिंधुनं नऊ हजार खोडले. दहा हजार लिहिले आणि बटण दाबलं. ते फार मोठ्यानं वाजलं असं तिला वाटलं.

“ताई,” शेठ म्हणाले. फक्त तेवढंच.

ती खुर्चीवरून उठली. करीम आता तिच्याकडं बघत होता, आणि त्याच्या नजरेत अडवणं नव्हतं. तिनं साहेबांकडं बघितलं नाही, शेठकडंही नाही. ती भागवतच्या स्टुलापाशी गेली आणि शाईनं भरलेला त्याचा हात मनगटाशी धरून कागदावरून बाजूला केला.

“भागवत, तुझा मोबाईल बरोबर होता. अकरा सहाच झाले होते. हे घड्याळ नऊ मिनिटं पुढं होतं, आणि ते पुढं मीच ठेवलं होतं.”